थांब कुठे म्हणायचं?

ट्रे घेऊन चालत येणारा रोबोट माणसासमोर किती अंतरावर थांबला पाहिजे, एवढाच प्रश्न होता. धुळ्याजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. तिथल्या शेवटच्या वर्षाच्या एका गटाने असा रोबोट बनवला होता. प्लायवूडचा गोल तळ, गिअर मोटरवर फिरणारी दोन चाकं, तोल सांभाळायला मागे कॅस्टर म्हणजे सगळीकडे वळणारं एक छोटं चाक, मधोमध पीव्हीसी पाइपचा खांब, खांबावर स्टीलचा ट्रे आणि सगळ्यात वर कुणाच्या तरी घरातला जुना टॅबलेट. गाडी भिंतीला धडकत नव्हती, दारातून नीट निघत होती, पोरं खूश होती. अडलं ते कोडमधल्या एका ओळीवर. माणूस दिसला की किती अंतरावर ब्रेक मारायचा, तो आकडा तिथे टाकायचा होता आणि त्यांनी 45 सेंटिमीटर टाकून ठेवला होता.

हा आकडा आला एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाकडून. 1966 साली त्याने माणसाभोवतीच्या जागेचे पट्टे पाडून दिले. 45 सेंटिमीटरच्या आत अगदी जिवाभावाची माणसं, तिथून सव्वा मीटरच्या आसपास ओळखीचे, त्यापुढे साडेतीन मीटरपर्यंत कामापुरता संबंध असलेले, आणि त्यापलीकडे सभा-भाषणाचं अंतर. रोबोटवाले आजही सुरुवात इथूनच करतात. पण हॉलने स्वतःच बजावून ठेवलंय की ही मापं मुख्यतः अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या मध्यमवर्गीय लोकांची आहेत, ती सगळ्या जगाला लावू नका. लग्नसराईत धुळे-अमळनेर एसटीने ज्याने उभ्याने प्रवास केलाय त्याला हे सांगायला हॉलही नको. तिथे 45 सेंटिमीटरमध्ये दोन माणसं आणि एक गाठोडं बसतं.

म्हणून ठरलं की आपणच मोजू. रीत जुनी आणि सोपी आहे. माणूस एका खुणेवर उभा राहतो, रोबोट समोरून हळूहळू येतो, आणि आता पुरे असं वाटलं की माणूस "थांब" म्हणतो. गाडी थांबते, अंतर मोजायचं. मग रोबोटची एकच गोष्ट बदलायची, म्हणजे उंची, वेग, डोळे किंवा येण्याची दिशा, आणि पुन्हा तेच. पडद्याआड एक पोरगा जॉयस्टिक घेऊन बसतो, समोरच्याला मात्र गाडी आपली आपण येतेय असंच वाटतं. प्रत्येकाला आधी सांगायचं की कधीही "नको" म्हणून निघून जाता येईल, आणि तशी सही घ्यायची. शेवटी पडद्याआडचा पोरगा बाहेर येऊन नमस्कार करायचा. कॅन्टीनच्या मावशींना त्याचा फार राग आला होता. "तू होता काय आतमधे! मी मघापासून यंत्राला अहोजाहो करू ऱ्हायली!"

जमिनीवर आधी रंगीत चिकटपट्ट्या लावल्या होत्या. मार्च संपता संपता पत्र्याखालच्या त्या प्रयोगशाळेत डिंक पाघळायला लागला आणि पट्ट्या कुणाच्याही पायाबरोबर चालू लागल्या. मग दोन फुटी शहाबादी फरशीचे सांधेच माप म्हणून धरले आणि मधल्या खुणा गेरूने मारल्या.

मोजायचं नेमकं कुठून कुठपर्यंत, यावर एक अख्खी दुपार गेली. रोबोटचा लायडर, म्हणजे लेझरने अंतर मोजणारा सेन्सर, तळाजवळ बसवलेला. जमिनीपासून वीतभर उंचीवर तो एक आडवी रेघ फिरवतो आणि त्या रेघेत जे येईल तेच त्याला दिसतं. म्हणजे त्याच्या लेखी माणूस हा दोन घोट्यांचा प्राणी. पोट, कोपर, हातातला डबा, पुढे वाकून स्क्रीन वाचणारं डोकं, यातलं काहीच त्याला दिसत नाही. घोट्यापासून 60 सेंटिमीटरवर तो थांबला तरी आमच्या कार्यालयातल्या हेडक्लार्क साहेबांच्या पोटापासून ट्रे वीत-दीड वीतच उरायचा. "अहो, लागलं ना!" असं ते ओरडायचे आणि पोरं टेप दाखवून म्हणायची, सर, अजून बरीच जागा आहे. दोघंही खरं बोलत होते. शेवटी दोन मापं घ्यायची ठरलं, एक पायाच्या अंगठ्यापासून तळाच्या कडेपर्यंत आणि दुसरं अंगाच्या सगळ्यात पुढे आलेल्या भागापासून रोबोटच्या सगळ्यात पुढे आलेल्या भागापर्यंत. लोक "थांब" म्हणतात ते दुसरं माप बघून.

पहिले नमुने म्हणून पोरांनी आपल्याच वर्गातल्यांना उभं केलं. ते सगळे कुचकामी निघाले. रोबोट गुडघ्याला टेकला तरी ही मंडळी उभीच, उलट बंपर दाबून बघणार. 2009 साली लीला ताकायामा आणि कॅरोलिन पँटोफारू यांनी अमेरिकेत असाच अभ्यास केला, तेव्हा त्यांनाही दिसलं होतं की ज्यांनी आधी रोबोट हाताळलेत आणि ज्यांच्या घरी पाळीव प्राणी आहेत, ते रोबोटला जास्त जवळ येऊ देतात. त्याआधी 2005 साली इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर विद्यापीठातल्या गटालाही आढळलं होतं की अनोळखी माणसाच्या जवळ जाणार नाहीत इतके बरेच जण रोबोटच्या जवळ जातात. म्हणजे काहींच्या लेखी तो माणूस नसतोच, ते टेबल असतं. आमच्या वर्गाचंही तेच. म्हणून मग वर्गाबाहेरची माणसं धरली. कॅन्टीनच्या मावशी, झाडूकामाच्या बायका, कार्यालय, वॉचमन, वसतिगृहात मुलांना भेटायला आलेले आईवडील, आणि एका रविवारी माझ्या सासूबाई.

इथे पहिली गाठ पडली, आणि ती कुठल्याच शोधनिबंधात मला वाचायला मिळाली नव्हती. पुरुषांपेक्षा बायका गाडीला बऱ्याच लांब थांबवत होत्या. पोरांनी लगेच वहीत लिहूनही टाकलं, "स्त्रियांना भीती जास्त." मी म्हटलं, लिहिण्याआधी त्या बघतायत कुठे ते बघा. व्हिडिओ पुन्हा लावला. गाडी येत असताना पुरुषांची नजर टॅबलेटवर होती. बायकांची नजर खाली होती, चाकांवर. आणि बहुतेकींचा एक हात निऱ्यांवर गेलेला. झाडूकामाच्या एका बाईंनी तर "थांब" म्हणायच्या आधीच निऱ्या मुठीत धरून वर घेतल्या होत्या. चाकं उघडी, गिअर मोटरचा दांडा बाहेर आलेला. मोटारसायकलच्या चाकात पदर जाऊन काय होतं ते इथे प्रत्येकीला माहीत आहे. त्यात प्रयोगशाळेच्या दारात चपला काढायचा आमचा नियम, म्हणजे पायाची बोटंही उघडीच.

दुसऱ्या दिवशी पोरांनी जुन्या रबरी चटईची पट्टी कापून तळाभोवती झालर लावली, जमिनीपासून जेमतेम बोटभर वर. बाकी काहीही बदललं नाही. उंची तीच, वेग तोच, चेहरा तोच. बायकांचं अंतर एकदम जवळजवळ एका फरशीने कमी झालं आणि पुरुषांच्या अंतराला येऊन टेकलं. वहीतली ती ओळ पोरांनी खोडली. रोबोटची उंची, चेहरा, आवाज यांवर लोक भरपूर लिहितात. चाक झाकलेलं आहे की उघडं, हे मात्र नेसूचं वस्त्र पायाशी लोळत नसलेल्यांना सुचणं कठीणच.

वेगाचं फार सांगण्यासारखं नाही, अपेक्षेप्रमाणेच झालं. सेकंदाला मीटरभर वेगाने येणारा रोबोट लोकांना खटकतो हे 2001 साली बटलर आणि आगा यांच्या प्रयोगात दिसलं होतं. आमच्याकडे तेवढा वेग देण्याची छाती कुणाचीच नव्हती. त्याच्या निम्म्यावरही लोक आधीच हात वर करायचे. मात्र गाडी शेवटच्या टप्प्यात हळूहळू मंदावत गेली तर लोक तिला आणखी जवळ येऊ द्यायचे, आणि एकसारख्या वेगाने येऊन गचकन थांबली तर पुढच्या खेपेला आधीच थांबवायचे. एकदा दचकलेला माणूस पुढे बराच वेळ हात राखूनच वागतो.

आवाजाने मात्र चकवलं. गिअर मोटर घुर्र करते म्हणून पोरं कानकोंडी होती, महागड्या मोटर्स घेऊ या म्हणून मागे लागली होती. एप्रिलमध्ये प्रयोगशाळेत कूलर सुरू झाला. त्याच्या घरघरीत मोटरचा आवाज पार बुडाला. आता लोक खूश होतील असं वाटलं, तर अंतर वाढलं. मागून किंवा बाजूने येणारी गाडी ऐकूच येईना, आणि कडेला काहीतरी हललं की माणूस दचकून सरकायचा. कूलर बंद केला की तेच लोक घाम पुसत शांत उभे राहायचे. नकोसा वाटणारा तो आवाज खरं तर त्यांना सांगत होता की मी इथे आहे, आत्ता निघालो, आता हळू होतोय.

डोळ्यांचा भाग मात्र सासूबाईंनी शिकवला. टॅबलेटवर पोरांनी दोन गोल डोळे काढले होते. कॅमेऱ्यात चेहरा सापडला की बुबुळं त्या दिशेला वळायची. पोरांच्या मते हाच त्या रोबोटचा सगळ्यात गोड भाग. सासूबाई खुणेवर उभ्या राहिल्या. गाडी निघाली, डोळे त्यांच्यावर लागले, आणि अजून चांगल्या दोन-तीन फरशा लांब असतानाच त्यांनी पंजा दाखवला.

"हाऊ मनाकडे काबर देखी ऱ्हायना रे भाऊ?"

पोरगा म्हणाला, "आजी, तो बघत नाही, नुसतं चित्र आहे."

"चित्र शे ते मंग डोया काबर हालावस?"

यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. नंतर डोळे ट्रेकडे झुकवून ठेवले, म्हणजे रोबोट स्वतःच्या हातातल्या पाण्याकडे बघतोय असं दिसावं. सासूबाईंनी त्याला इतकं जवळ येऊ दिलं की ट्रेमधला पेला उचलून घेतला. ताकायामा-पँटोफारूंच्या अभ्यासातही रोबोटचं डोकं चेहऱ्याकडे वळलेलं असलं की स्त्रिया मागे राहत होत्या, आणि पुरुषांचं उलट होत होतं. 2011 साली मम आणि मुटलू यांना दिसलं की ज्यांना रोबोट आधीच आवडलेला नसतो, ते त्याने टक लावून पाहिलं की आणखी मागे सरतात. सासूबाईंना तो आधी आवडलेला होता की नव्हता, ते विचारायचं राहिलं. आमच्याकडे मोठ्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवून कुणी पाण्याचा पेला पुढे करत नाही, एवढं मात्र त्या चार पोरांच्या डोक्यात तेव्हा बसलं.

डोळ्यांवरून एकाच्या मनात आलं की खराखुरा चेहराच लावून बघू. मी नको म्हणत होते, पण फार जोर लावला नाही, कारण मलाही बघायचंच होतं. त्याच्या मामाचं कापडाचं दुकान आहे. तिथून साडी नेसवायच्या पुतळ्याचं डोकं आणलं, केसांच्या टोपासकट. दुकानात हीच पुतळी वर्षानुवर्षं उभी होती, बायका तिच्या खांद्यावरचा पदर चाचपून बघायच्या, कुणाला काही वाटत नव्हतं. खांबावर ते डोकं बसवून गाडी सुरू केली. गेरूच्या खुणांचा उपयोगच झाला नाही. ऑफिसातला शिपाई भिंतीला जाऊन टेकला, आणि कॅन्टीनच्या मावशी दारातूनच म्हणाल्या, "हे काढा आधी, मग मी येते." चाकाला फरशीचा सांधा लागला की डोकं किंचित डुलायचं. त्या डुलण्यानेच सगळा घोळ होत होता. जपानच्या मासाहिरो मोरी यांनी 1970 साली हेच मांडलं. यंत्र माणसासारखं दिसू लागलं की आधी आपलंसं वाटतं, पण हुबेहूब होण्याच्या जरा अलीकडे ते एकदम अंगावर येतं, आणि ते हलत असेल तर ती दरी आणखी खोल जाते. डोकं त्याच संध्याकाळी दुकानात परत गेलं.

दिशेचं कोडं आमच्या वॉचमन काकांनी सोडवलं. ते मूळचे शहाद्याकडचे. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला भरणाऱ्या घोडेबाजारात तरुणपणी त्यांनी घोडी सांभाळली आहेत. रोबोट समोरून येताना ते बराच वेळ नुसते बघत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, ह्याला समोरून काय आणता? जनावराकडे नाकासमोर चालत जात नाहीत. खांद्याकडून जायचं, जरा तिरपं." घोड्याला नाकाच्या अगदी समोरचं आणि थेट मागचं दिसत नाही, म्हणून तो बिचकतो. माणसाला तर समोरचंच सगळ्यात चांगलं दिसतं. तरीही माणूस समोरून येणाऱ्यालाच जास्त अडवतो, हे मला गमतीचं वाटलं. कदाचित फार चांगलं दिसतं म्हणूनच. हर्टफर्डशायरच्या गटानेही खुर्चीवर बसलेल्या माणसांकडे रोबोट वेगवेगळ्या दिशांनी पाठवून पाहिला होता. त्यांना डावीकडून किंवा उजवीकडून आलेला चालला, थेट समोरून आलेला नको होता. आम्ही तिरपी वाट आखली आणि अंतर खरोखरच कमी झालं. वॉचमन काका स्वतः मात्र कुठल्याही दिशेने गाडी आली तरी हात पुढे करून तिच्या खांबावर थोपटायचे. त्यांचं माप वहीत वेगळ्या पानावर आहे.

हे सगळं उभ्या माणसांचं. हनुमान जयंतीच्या भंडाऱ्याला वसतिगृहाच्या पोरांनी गाडी पंगतीत फिरवायची टूम काढली, पाणी वाढायला. वरण-बट्टी, घोटलेल्या वांग्यांची भाजी, समोरासमोर दोन रांगा, मधून वाढप्यांची वाट. पाटावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपासून बघितलं तर आमची ती छातीएवढी गाडी डोक्यावरून जाते. म्हणून खांब कापून ट्रे बसलेल्याच्या खांद्याशी आणला. मला वाटलं, तरीही लोक आक्रसतील. आक्रसले नाहीत. गाडी कुणाकडेही येत नव्हती, रांगेच्या कडेने पुढे जात होती, आणि पंगतीत कुणीतरी असं जाणं ही सवयीची गोष्ट. प्रयोगशाळेत दोन-अडीच फुटांवर थांबवणारी माणसं इथे गुडघ्याशेजारून वीतभर अंतरावरून जाऊ देत होती.

अंग हललं नाही, पण पत्रावळी हलल्या. गाडी जवळ आली की हात आपोआप पत्रावळीच्या कडेला जायचा आणि ती आत ओढली जायची. पहिल्यांदा वाटलं, धक्का लागेल म्हणून असेल. मग एका आजोबांनी सरळ विचारलं, "चाकं धुतली का रे त्याची?" आम्ही सगळे चपला बाहेर काढून बसलेलो, आणि हे गाडं वऱ्हांडा, अंगण, कुठून कुठून फिरून थेट पानांच्या रांगेत आलेलं. एका पोराने ओल्या फडक्याने सगळ्यांच्या देखत चाकं पुसली, झालर वर करून आतूनही. पुढच्या फेरीला बऱ्याच पत्रावळी जागच्या जागी राहिल्या. आजोबांनी तेव्हाही पान ओढलंच, पण पाणी घेतलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी प्रबंध चाळला आणि म्हणाले, एवढं सगळं ठीक आहे, एका आकड्यात सांगा, किती अंतर? पोरांनी तक्ता पुढे केला. उभ्या माणसाला तिरपं येताना इतकं, समोरून इतकं, बसलेल्याच्या कडेने जाताना इतकं, आणि चाकं उघडी असतील तर यातलं काहीच लागू नाही. सरांना तक्ता आवडला नाही, मार्क मात्र बरे दिले. कोडमधली ती 45ची ओळ आता नाही. तिच्या जागी एक लांबलचक जर-तर आहे.

पुढच्या वर्षीच्या गटाने दोन गाड्या एकदम आल्या तर काय होतं, हा विषय घेतलाय. वर्गणी काढून चाकांसाठी नव्या मोटर्सही आणल्यात, अगदी बिनआवाजाच्या. मी त्यांना म्हटलं, आधी गाडीला आवाज द्या, मग माझ्याकडे आणा.